गुरचरण : सातबाऱ्यावरचे आणि जमिनीवरचे

पनवेल हे एके काळी गाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध असलेले गाव होते. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदरात येऊ लागला. घाटावरून आलेला गाडीवान परत जाताना पनवेलच्या चाकांची जोडी सोबत नेल्याशिवाय सहसा राहत नसे, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये आढळते. चाके सुतारांनी घडविली. परंतु गाड्या ओढल्या त्या बैलांनी, आणि हे बैल पोसले गेले ते गावोगावच्या गवतावर. त्या काळच्या व्यापाराच्या हिशेबात गवताचा खर्च कोठेही स्वतंत्रपणे मांडलेला नसे, कारण गवत ही पावसाबरोबर आपोआप येणारी वस्तू आहे, असेच सर्वजण धरून चालत.

आज त्याच तालुक्यात विमानतळ उभा राहिला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग येथूनच घाटाकडे जातो, आणि २०१६ पासून पनवेलला महानगरपालिका आहे. अशा ठिकाणी गुरांच्या कुरणाविषयी बोलणे अनेकांना कालबाह्य वाटेल. तथापि पालिकेच्या हद्दीबाहेर, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी धोदाणी-मालडुंगेच्या बाजूला गेल्यास निराळे चित्र दिसते. तेथील वाड्यांमधून शेळ्या आहेत, गाई-म्हशी आहेत, आणि त्यांच्यावर अंशतः का होईना अवलंबून असलेली ठाकर, कातकरी व धनगर कुटुंबे आहेत. शिवाय शहराच्या सीमेवर, रस्त्याच्या दुभाजकावर आणि कचऱ्याच्या ढिगावर तोंड घालणारी मोकाट जनावरे ही तर नित्याचीच बाब झाली आहे. ही जनावरे रस्त्यावर का आली, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की मागोवा गावच्या गुरचरणापर्यंत जाऊन पोहोचतो.

गवताचा बाजार

उत्तर कोकणात गवत ही दुर्लक्षित वस्तू कधीच नव्हती. मुंबईच्या वाढत्या वस्तीला दूध हवे होते, दुधासाठी तबेले होते, आणि तबेल्यांना गवत लागत होते. त्यामुळे ठाणे जिल्ह्याच्या किनारी तालुक्यांपासून थेट गुजरातच्या सीमेपर्यंत हजारो एकर जमिनीवर मालकांनी गवत राखले. भात पिकविण्यापेक्षा गवत राखणे त्यांना अधिक सोयीचे होते. मशागत नको, खत नको, फक्त कापणीच्या वेळी मजूर हवेत. या मजुरांच्या श्रमाला किती कमी मोल मिळत होते, हे १९४५ च्या वारली लढ्याने जगापुढे आणले. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातील एक प्रमुख मागणी ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, ही होती. पुढे १९५३ साली शेजारच्या पारडी तालुक्यात ईश्वरभाई देसाई यांच्या पुढाकाराने गवताळ जमिनीवर अन्नधान्य पिकविण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला, त्याचेही मूळ मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या गवतातच होते.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. खासगी मालकीच्या गवताला भाव होता, त्याची राखण होत होती, आणि त्यावर संघर्षही झाला. सार्वजनिक गुरचरणातील गवताला मात्र ना भाव होता, ना राखणदार. ते सर्वांचे होते, म्हणून त्याची काळजी कोणीच घेतली नाही. आजच्या परिस्थितीची बीजे या भेदात आहेत.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे काय?

गावच्या गुरांना मोफत चराई मिळावी म्हणून जमीन राखून ठेवण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमात आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात निकाल देताना गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढून त्या ग्रामसभेकडे परत देण्याच्या योजना आखाव्यात, असा आदेश सर्व राज्यांना दिला. २०१७ मध्ये महसूल संहितेत २२-अ हे कलम घालून गायरानाचा वापर बदलण्यावर निर्बंध आणण्यात आले. काही सार्वजनिक प्रयोजनांचा अपवाद मात्र ठेवण्यात आला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. कायद्याच्या बाजूने पाहता उणीव फारशी राहिलेली नाही.

उच्च न्यायालयासमोर त्या वेळी जे आकडे आले, ते मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. राज्यात गायरानाची जमीन सुमारे साडेचार लाख हेक्टर आहे आणि त्यापैकी सुमारे दहा हजार हेक्टरवर अतिक्रमण आहे, असे ते आकडे सांगतात. म्हणजे प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या आसपास पडते. गेल्या काही वर्षांतील सारी चर्चा, सर्व मोर्चे आणि नोटिसा या सव्वादोन टक्क्यांभोवती फिरत आहेत. हा प्रश्न क्षुल्लक आहे असे नाही; त्या जमिनीवर दोन लाखांहून अधिक बांधकामे आहेत आणि त्यांत बेघर गरिबांची घरेही आहेत. परंतु उरलेल्या जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के जमिनीचे काय, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. सातबाऱ्यावर ती गुरचरण आहे. प्रत्यक्षात तीवर चरण्याजोगे काही उगवते काय?

पनवेल तालुक्यापुरते बोलायचे तर सातबाऱ्यावरचे क्षेत्रही घटले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांचा परिसर नव्या शहरासाठी निश्चित झाला. खासगी जमिनी संपादन झाल्या, आणि शासकीय जमिनीही शहराच्या उभारणीसाठी गेल्या. २०१३ पासून विमानतळाभोवतीच्या गावांना ‘नैना’चे नियोजन लागू झाले. दुसरीकडे, भातखाचरांना जोडून असलेल्या वरकस जमिनी, ज्यांवर शेतकऱ्याचे गवत आणि राबाचा पालापाचोळा अवलंबून असे, त्या शेतघरांच्या काटेरी कुंपणाआड जाऊ लागल्या. खासगी वरकस बंद झाली की गुरे उरलेल्या गुरचरणावर एकवटतात. म्हणजे कमी झालेल्या जमिनीवर अधिक तोंडांचा भार पडतो. म्हणूनच उरलेल्या गुरचरणाची उत्पादकता वाढविणे हा आता निकडीचा प्रश्न झाला आहे.

पाऊस भरपूर, चारा अपुरा

पनवेलला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही मार्च उजाडला की गुरांपुढे पेंढ्याखेरीज काही नसते. या विसंगतीची कारणे तीन आहेत आणि ती नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण हवामान व शेतीचे वेळापत्रक. गवतातील पोषण सर्वांत अधिक असते ते फुलोऱ्याच्या सुमारास, म्हणजे साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीस. त्यानंतर बी धरताच प्रथिनांचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि काडी कठीण होते. परंतु त्या दिवसांत कोकणात पाऊस थांबलेला नसतो, कापलेले गवत वाळत नाही. पाठोपाठ भाताची कापणी येते आणि मनुष्यबळ शेतात गुंतते. परिणामी गवत कापले जाते ते दिवाळीनंतर, जेव्हा त्यात पोट भरण्यापलीकडे फारसे सत्त्व उरलेले नसते.

दुसरे कारण अखंड चराई. पहिल्या पावसाबरोबर कोंब वर आला की गुरे त्यावर सोडली जातात. गोड, खाण्याजोगी गवते वाढण्याआधीच खुडली जातात, त्यांना बी धरण्याची संधीच मिळत नाही. जनावरे ज्यांना तोंड लावीत नाहीत त्या कुसळीला आणि घाणेरीच्या झुडपांना मात्र रान मोकळे मिळते. कुरण हिरवे दिसते, पण त्यातील खाद्य हिरवे नसते. तिसरे कारण वणवे. जाळल्याने पुढील वर्षी गवत चांगले येते, या समजुतीपायी किंवा निष्काळजीपणामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटतात. उन्हाळ्यासाठी उभा असलेला चारा तर जळतोच. शिवाय उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या मुसळधार पावसात ओढ्यात जाते. गाढी नदीच्या पुराचा अनुभव घेतलेल्या पनवेल शहराने डोंगरावरच्या गवताचा आणि आपला संबंध नाही असे समजू नये.

थोड्या खर्चाचे उपाय

कुरणसुधारणा म्हटली की तारेचे कुंपण, ठिबक सिंचन आणि महागडे बियाणे यांचे अंदाजपत्रक डोळ्यांपुढे येते, आणि ग्रामपंचायत तेथेच थबकते. वस्तुतः सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत स्वस्त आहे, तो म्हणजे जमिनीला विश्रांती देणे. गुरचरणाचे तीन भाग करावेत, दरवर्षी एक भाग पावसाळाभर चराईला बंद ठेवावा आणि तेथील गवत बी पडल्यानंतरच कापून न्यावे. पुढील वर्षी दुसरा भाग, त्यापुढे तिसरा. याला बियाणे लागत नाही; स्थानिक गवत स्वतःच पसरते.

त्यानंतर झुडपे मुळासकट काढणे, उतारावर समपातळीत दगडी बांध घालणे आणि डिसेंबरअखेर जाळरेषा काढणे ही कामे येतात. ही सर्व अंगमेहनतीची कामे आहेत, आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच करणाऱ्या महाराष्ट्राला अशा कामांची सवय आहे. पेरणी करायचीच असेल तर देशावरच्या शिफारशी डोळे मिटून उचलू नयेत. भरपूर पावसाच्या, हलक्या व आम्ल जमिनीत स्टायलोसारखे द्विदल आणि दीनानाथ गवत तग धरते. आंब्याच्या सावलीत गिनी गवत, तर पाणथळ जागी पॅरा गवत घेता येते. स्टायलो जमिनीला नत्र देते आणि चाऱ्यात प्रथिने वाढविते, म्हणून थोडे बी पुष्कळ काम करते. १९७२ पासून दापोलीला कोकणासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे. त्याचा सल्ला यासाठीच घ्यावयाचा असतो. वेळेवर कापलेले परंतु न वाळणारे गवत मुरघासाच्या रूपाने टिकविता येते.

हिशेब मांडून पाहिला म्हणजे या उपायांचे मोल ध्यानात येते. उदाहरणादाखल एखाद्या गावात ४० हेक्टर गुरचरण आहे असे समजू. दुर्लक्षित कुरणातून हेक्टरी ढोबळमानाने एक टन वाळला चारा मिळतो. काही वर्षे नीट राखलेल्या कुरणातून तीन टन मिळणे अशक्य नाही. कोकण कपिला या कोकणच्या गाईसारख्या अडीचशे किलोच्या लहान जनावराला रोज सुमारे सहा किलो, म्हणजे वर्षाला दोन टनांच्या आसपास शुष्क चारा लागतो. म्हणजे आज हे गुरचरण वीस जनावरे पोसते, ते सुधारल्यावर साठ पोसू शकेल. एक तृतीयांश भाग बंद ठेवल्याने पहिल्या वर्षी चराईत जास्तीत जास्त तेरा टनांची तूट येईल, आणि तीही पूर्ण तूट नव्हे, कारण तेथील गवत वाळल्यावर कापून मिळणारच आहे. एका हेक्टर भातातून अडीच-तीन टन पेंढा निघतो. म्हणजे पाच हेक्टर भाताचा पेंढा ही तूट भरून काढू शकतो. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडला आणि तो तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवला, तर हा पेंढा अधिक पचनीय होतो. मात्र प्रमाण चुकल्यास जनावराच्या जिवावर बेतते, म्हणून हे काम जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावे आणि लहान वासरांना असा पेंढा घालू नये.

खरी अडचण

उपाय इतके सोपे आणि स्वस्त असतील, तर ते होत का नाहीत? अडचण पैशाची असती तर एव्हाना एखाद्या योजनेतून ती सुटली असती. अडचण आहे ती परस्परविश्वासाची. आपण आपली गुरे बंद भागातून मागे घेतली आणि शेजाऱ्याने घेतली नाहीत, तर आपण मूर्ख ठरू, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ साली नेमके सामाईक कुरणाचेच उदाहरण घेऊन असा निष्कर्ष काढला की जे सर्वांचे असते त्याचा नाश अटळ असतो. कित्येक वर्षे हा निष्कर्ष प्रमाण मानला गेला आणि त्याच्या आधारे सामाईक जमिनी एकतर शासनाकडे घ्याव्यात नाहीतर खासगी कराव्यात, असे सुचविले गेले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने प्रत्यक्ष गावांचा अभ्यास करून हा निष्कर्ष खोडून काढला; २००९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या डोंगरी गावाचे आहे. जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर हिवाळाभर पोसता येतील, त्याहून अधिक गाई कोणी सामाईक कुरणावर सोडू नयेत, असा नियम त्या गावाने १५१७ साली केला. नियम लहान होता, सर्वांना समजणारा होता, आणि तो मोडणारा ताबडतोब ओळखू येत होता. महाराष्ट्रातही याची उदाहरणे आहेत. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण गवत कापून नेण्यास मुभा ठेवली. पुढे तेथे चारा आणि दूध दोन्ही वाढले. कमी पावसाच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जे साधले, ते कोकणात साधू नये असे जमिनीत वा पावसात काही नाही.

मात्र टोर्बेलचा नियम जसाच्या तसा पनवेलला लावता येणार नाही. ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे त्याच्याकडे पेंढ्याची उडवी असते. भूमिहीन कातकरी किंवा ठाकर कुटुंबाकडे ती नसते. त्या कुटुंबाच्या दोन-चार शेळ्या म्हणजे त्याची बँक आहे. आजारपणात किंवा मुलाच्या शाळेच्या खर्चाला त्यातलीच एक विकली जाते. सरसकट चराईबंदी झाली तर कुरण सुधारेल, परंतु त्या सुधारणेची किंमत सर्वांत गरीब माणूस भरील. वारली मजुरांच्या बाबतीत गवताच्या धंद्याने हेच केले होते. त्यामुळे बंद भागातील गवताच्या वाटणीत भूमिहीनांचा वाटा आधी काढला पाहिजे, शेळ्यांसाठी चाऱ्याच्या झाडांचा पट्टा राखला पाहिजे, आणि राखणदारीचे काम व त्याची मजुरी त्यांच्याकडे गेली पाहिजे. ज्याला वाटा मिळतो तोच नियमाचा रखवालदार होतो. वनजमिनीलगतच्या वाड्यांच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केलेलाच आहे.

जमिनीचा भाव आणि जमिनीचा उपयोग

एक आक्षेप येथे अपेक्षित आहे. ज्या तालुक्यात जमीन चौरस फुटाच्या भावाने विकली जाते, तेथे गवतासाठी हेक्टरच्या हेक्टर राखून ठेवणे ही उधळपट्टी नव्हे काय? बाजारभाव हाच निकष धरला तर या आक्षेपाला उत्तर नाही. पण त्या निकषावर शाळेचे मैदान, तलाव आणि स्मशानही टिकणार नाहीत. गुरचरणाचा लाभ दुधाच्या लिटरमध्ये पूर्णपणे मोजता येत नाही. भातखाचराला मिळणारे शेणखत, मोकाट गुरांपासून वाचलेले वालाचे पीक, उतारावर थांबलेली माती, विहिरीत मुरलेले पाणी आणि रस्त्यावरून हटलेली जनावरे हे सारे त्याच्या जमेच्या बाजूला येते. यातील बहुतेक लाभ बाजारात विकले जात नाहीत, म्हणून ते आकड्यांत दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या गोष्टी विकासाच्या आराखड्यातून सर्वांत आधी वगळल्या जातात. शिवाय पडीक गुरचरण हे अतिक्रमणाला आणि हस्तांतरणाला आमंत्रण असते. ओसाड दिसणारी जमीन कोणीही मागतो. राखलेले, वापरातले कुरण मागताना मागणाऱ्याला विचार करावा लागतो.

यासाठी फार मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पनवेलच्या ग्रामीण भागातील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गुरचरणाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत आणि त्याचा नकाशा चावडीवर लावावा. येत्या पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत, महिला व भूमिहीन यांच्या उपस्थितीत, एक तृतीयांश भाग बंद ठेवण्याचा आणि गवताच्या वाटणीचा ठराव व्हावा. दंडाची रक्कम लहान पण चुकविता न येणारी असावी, आणि ती राखणदारीवरच खर्च व्हावी. महसूल खात्याने वर्षातून एकदा गुरचरण नुसते अतिक्रमणमुक्त आहे काय एवढेच न पाहता त्यावर गवत आहे काय, हेही पाहावे. साडेचार लाख हेक्टरांचा आकडा न्यायालयात सादर करता येतो; गाय मात्र आकडा खात नाही. सातबाऱ्यावरचे गुरचरण जमिनीवर आणण्याचे काम प्रत्येक गावाला तीन पावसाळ्यांत करता येण्यासारखे आहे. पनवेलच्या गावांना हे तीन पावसाळे मिळतील की नाही, हे मात्र शहर किती वेगाने त्यांच्याकडे सरकते यावर अवलंबून राहील, आणि म्हणूनच विलंब परवडणारा नाही.